दोराचं पुढचं टोक

१

बाबली गावस सकाळी गाडी सुरू करण्याआधी तिच्याभोवती एक फेरी घालायचा. चाकाला लाथ मारून हवा बघायची, काचेवरचं दव पुसायचं, मग आत चढून देवाच्या तसबिरीला हात लावायचा आणि चावी फिरवायची. खाणीवर टिपर चालवत होता तेव्हापासूनची ही सवय. दोडामार्गाकडून तो डिचोलीत आला तोच मुळी खनिजाच्या गाड्या चालवायला. पुढे खाणी बंद पडल्या, टिपर जागच्या जागी गंजले, बरोबरचे लोक आपापल्या गावी परतले. बाबली राहिला. खाणीच्या टेकडीमागे मुलामुलींची निवासी शाळा झाली होती आणि तिला बसवर माणूस हवा होता.

काम हलकं होतं. उजाडताच पोदेराच्या भट्टीवरून पाव आणि गोल उंडे मेसला आणायचे, मग स्टँडवरून शिक्षकांना, दुपारी बाजारातून भाजी. कधी मुलांना घेऊन नार्व्याला नदीवर, कधी पार तेरेखोलच्या किल्ल्यापर्यंत. रस्त्याला ट्रकांची रांग नाही, डोळ्यांत जाणारी लाल धूळ नाही. ‘म्हातारपणी देवान मऊ रस्तो दिलो,’ असं तो बायकोला, प्रभावतीला, म्हणायचा.

त्याच शाळेत त्याची गौरवी नववीत होती. फार उशिरा झालेली, एकुलती एक. कर्मचाऱ्याचं मूल म्हणून तिला जागा मिळाली होती, पण राहावं लागे वसतिगृहातच, तसा नियम होता. घर जवळ असून पोर परक्या खाटेवर झोपते हे प्रभावतीला काही पटलं नव्हतं.

“चेडवाक शिकवतत की ठेवून घेतल्यानी?” ती विचारायची.

“शिकवतत गो. शिकान मोठी जातली. तुज्या-माज्यासारखी रवाची नाय.”

शाळेचं नाव झालं होतं ते एका गोष्टीसाठी. मुलांना रानात, पाण्यात, कातळावर नेऊन तिथं पुढारीपण शिकवत. तुषार सर ते बघायचे. पुण्याकडचे, तिशीतले, कडे चढून तळहात खरबरीत झालेले. माणूस वाईट नव्हता. मुलांवर ओरडत नसे, बाबलीला काका म्हणे. नववीचं शिबिर लागलं तेव्हा पुढे चालायला त्यांनी पहिलं नाव घेतलं ते गौरवीचं. बाबली बसच्या टपावरून तंबू खाली देत होता.

“ड्रायव्हरची मुलगी आहे, सर,” रुद्रेश म्हणाला. म्हापशाच्या मोठ्या दुकानदाराचा मुलगा, तोंडाचा तिखट. “गाडी तीच चालवणार. फक्त ब्रेक आहे का विचारून घ्या.”

मुलं हसली. गौरवीही हसली. “ब्रेक आहे,” ती म्हणाली, “पण तू आडवा आलास तर लावायची नाय.”

टपावर बाबलीनं तोंड फिरवलं, हसू दिसू नये म्हणून.

२

शिबिराची जागा म्हणजे जुन्या खाणीचा काठ. खाण बंद झाल्यावर खड्ड्यात पाणी भरलं होतं. हिरवं, गुळगुळीत, वाऱ्यानंसुद्धा न हलणारं पाणी. काठाला मातीचा उंच बांध होता आणि त्याच्या अलीकडे टिपर उभे करायचं जुनं मैदान. त्यावर तंबू लागले.

बाबलीला ती जागा चांगली ठाऊक होती. पूर्वी तिथं वळणावर एक मोठं झाड होतं आणि बुंध्याशी राखणदार देवाचा धोंडा. पहिल्या खेपेचा ड्रायव्हर गाडी थांबवून उतरायचा, धोंड्यापुढे पान नाहीतर विडी ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचा: तू पुढे हो, आम्ही मागून येतो. मगच गाड्यांची रांग सुटायची. साहेबसुद्धा त्या वेळी घाई करत नसत. पुढे खड्डा वाढत वाढत वळणापर्यंत आला. झाड गेलं. गावानं रीतसर धोंडा उठवला आणि मोठ्या रस्त्याला घुमटी बांधून तिथं नेऊन बसवला. हे बाबलीला माहीत होतं. माहीत नव्हतं असं नाही.

पण शिबिराच्या सकाळी नारळ हातात घेऊन तो उभा राहिला तेव्हा त्याच्या मनात आलं, घुमटी राहिली तिकडे रस्त्यावर आणि पोरं चालणार इथं. राखण जिथं हवी तिथंच सांगितलेलं बरं. वळण त्याला डोळे मिटूनही सापडलं असतं. तिथं आता घमेल्याएवढा एक खळगा होता. त्यानं नारळ फोडला, दोन्ही भकलं खळग्यात ठेवली आणि हात जोडले.

“पोरां हयसर चलतली,” तो म्हणाला. “माझा चेडूय आसा. तू फुडे हो, आणि सगळ्यांका सांभाळून ने.”

वर्षानुवर्षं म्हटलेलं. एरवी म्हणून झालं की छाती हलकी व्हायची. आज तसं झालं नाही. एखाद्या बंद घराचं दार उगीच वाजवावं आणि आतून कुणीतरी लगेच, फारच लगेच, कडी काढावी, तसं त्याला वाटलं. तो स्वतःवरच चिडला. उपाशी पोटी उन्हात उभं राहिलं की माणसाला काहीबाही वाटतं, असं म्हणून चहाकडे वळला.

संध्याकाळी तो सहज तिकडे गेला. भकलं तशीच होती. कावळ्यानं चोच लावली नव्हती. मुंगी नव्हती. खोबरं आत्ता फोडल्यासारखं पांढरं होतं.

३

दुसऱ्या दिवशी दोराचा खेळ होता. सगळ्यांच्या डोळ्यांना पट्ट्या आणि सगळ्यांच्या उजव्या हातात एकच लांब दोर. डोळे उघडे फक्त पुढच्याचे. त्यानं बोलायचं नाही. वळायचं कुठं, थांबायचं कधी, हे मागच्यांनी दोराच्या ओढीवरून ओळखायचं.

बाबलीनं बस वरच्या जुन्या खनिजाच्या रस्त्यावर उभी केली होती. जनेलाच्या काचेशी बसून तो चहात उंडा बुडवून खात होता. खालचं मैदान तिथून ताटासारखं दिसत होतं. तुषार सर पलीकडे दुसऱ्या गटाला गाठी मारायला शिकवत होते. इकडे गौरवी पुढे, तिच्या मागोमाग सायली, मग बाकीची पोरं आणि अगदी शेवटी रुद्रेश. गौरवी चांगली चालत होती. दर चार पावलांनी मान वळवून मागे बघत होती.

रुद्रेश अडखळला आणि गुडघ्यांवर आपटला. दोर त्याच्या हातून सुटला. गौरवीनं ते बघितलं, हातातलं टोक खाली मातीत ठेवलं आणि धावत मागे गेली. खेळ म्हणून ते चुकलंच असेल. बापाला मात्र ते आवडलं.

आता रांग थांबायला हवी होती.

बाबलीनं चहाचा घोट घेतला. रांग थांबली नव्हती. सायली चालत होती आणि तिच्यामागून बाकीची. त्यांना कळलं नसेल, त्याला वाटलं. लागलेल्या लयीत चाललीत, आता थांबतील. मग त्याचं लक्ष दोराकडे गेलं. सायलीच्या मुठीच्या पुढे दोराचा जो मोकळा तुकडा होता, तो मातीत लोळत नव्हता. तो कमरेइतक्या उंचीवर सरळ होता. ताणलेला. वाटेवर बैल नेताना दावं असतं तसा. आणि टोकाशी काही नव्हतं.

बाबलीनं डोळे चोळले. ऊन तिरपं होतं. तिरप्या उन्हात डोळा फसतो.

वाटेत करवंदीची जाळी आडवी आली. रांगेनं तिला वळसा घातला. पुढे एक धोंडा आला. रांग हळू झाली, एकाही पोराचं बोट ठेचकाळू नये इतकी हळू, आणि धोंडा मागे पडल्यावर पुन्हा चालू लागली. कुणीतरी फार मायेनं त्यांना नेत होतं. आणि नेत होतं ते बांधाकडे.

चहाचा कप कुठं पडला ते बाबलीला कळलं नाही. त्यानं तळहात हॉर्नवर दाबला आणि दाबूनच ठेवला. खाण चालू असतानासुद्धा त्या टेकडीनं इतका लांब आवाज ऐकला नसेल. सायली बांधाचा चढ चढून माथ्यावर पोचली होती. तिथं ती थांबली. दोर एकदम मऊ पडला आणि तिच्या पायाशी गोळा झाला. तिच्या बुटांपुढे वीतभर माती होती आणि खाली हिरवं पाणी.

पट्टीखाली ती हसत होती.

४

रोज संध्याकाळी सर मुलांना गोलात बसवत आणि दिवसभराचं बोलायला लावत. बाबली बाजूला पातेलं घासत होता. कान तिकडेच होते.

“गौरवी एकदम भारी नेते, सर,” सायली म्हणाली. “मध्ये एकदा ओढ सैल झाली. पण मग जी आली ना, ती एकदम पक्की. पाय कुठं टाकायचा याचा मला विचारच करावा लागला नाही.”

“मला पण,” दुसरा एक मुलगा म्हणाला. “डोक्यात काहीच नव्हतं. बरं वाटत होतं.”

“मी तिथं नव्हते,” गौरवी म्हणाली. “मी रुद्रेशकडे गेले होते. दोर मी खाली ठेवला होता.”

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. लहान मूल उगीच खोटं बोलतं तेव्हा मोठी माणसं बघतात तसं.

“रुद्रेश?” सरांनी विचारलं.

“होती, सर. माझ्या गुडघ्यांची माती झाडली तिनं.” मग तो नेहमीच्या सुरात म्हणाला, पण सूर नीट लागला नाही, “एक गौरवी स्टेपनीला ठेवली असेल.”

कुणी हसलं नाही.

तुषार सरांनी थोडा विचार केला. चालणाऱ्या माणसांना एक गती लागते, ते म्हणाले. पुढचा गेला तरी शरीर ती लय काही वेळ धरून ठेवतं, मागचे पुढच्याला रेटतात आणि प्रत्येकाला वाटतं की ओढ पुढून येतेय. सरांचं बोलणं मुद्देसूद होतं. बाबलीला तेच हवं होतं. तो ते मनात घोळवत राहिला. करवंदीच्या जाळीचं आणि धोंड्याचं काय, हा प्रश्न त्यानं पातेल्याबरोबर घासून टाकला. निदान तसा प्रयत्न केला.

“पण एक बघा,” सर पुढे म्हणाले, “हातात दोर नसतानाही तुमचा गट चालत राहतो. यापेक्षा मोठी पावती काय?” आणि त्यांनी आपल्या गळ्यातली शिट्टी काढून गौरवीच्या गळ्यात घातली. टाळ्या झाल्या. गौरवी मान खाली घालून बसली होती. शिट्टीला तिनं हात लावला नाही.

सर नंतर पातेल्यांकडे आले. “काका, हॉर्न नको होता हं. मुलं दचकली.”

“फुडे पाणी होता, सर.”

“होतं ना. पण थांबलीच असती ती.”

बाबली पुन्हा पातेल्याकडे वळला. पोरीचं कौतुक चाललेलं असताना बापानं काय बोलावं.

५

शिबिर संपलं, शाळा सुरू झाली. सगळे खूश होते. मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, यंदाची नववी बघा, शिबिरानं कशी सुधारली. गडबड नाही, ढकलाढकली नाही. मेसला जायचं असो की मैदानावर, पोरं एका रांगेत जायची. पुढे गौरवी. बोलायची नाहीत. आणि प्रत्येकाचा उजवा हात कमरेशी किंचित पुढे, मूठ मिटलेली.

बाबली ते बघायचा आणि पाव उतरवायचा.

दोनेक आठवड्यांनी ती एकटी बसमध्ये येऊन बसली. मागून कुणी येतंय का ते तिनं आधी जनेलातून बघून घेतलं.

“बाबा,” ती म्हणाली, “त्या दिवशी मी परत जाऊन दोराचा टोक उचललंय ना, तेव्हा ता कोमट होता.”

“उन्हात पडलला, तापतला नाय तर काय?”

“तसा नाय. कोणाच्या मुठीतसून काढून घेतल्यासारखा. घामान ओला.”

बाबलीनं आरशावरची धूळ पुसली. तिथं धूळ नव्हती.

“आता मी खंयय गेलंय की ती माझ्या मागसून येतत. मी थांबलंय की थांबतत. सायली माझ्याकडे बोलणा नाय. रुद्रेश माका चिडवणा नाय, बाबा. एकदाय नाय. मी मुद्दाम तेका मोटो ढबू म्हटलंय, तर नुसतो बघत रवलो.”

“तू तेंची लीडर मगे. लीडरचा ऐकतत.”

“मी लीडर नाय,” गौरवी म्हणाली. तिनं उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. “मी दुसरी. माझ्या फुडे कोणतरी आसा. लहान असताना तुमी माका जत्रेत धरून न्हेयास ना, तसो माझो हात धरता. दुखणा नाय. पण सोडणा नाय.”

“खंय न्हेता?”

“अजून खंय नाय. अजून शिकवता.”

बाहेर घंटा झाली. गौरवी उठली, दाराशी गेली आणि उतरण्याआधी क्षणभर थांबली, कुणाला तरी आधी उतरू द्यावं तशी.

६

सगुण मोठ्या रस्त्यावरच्या घुमटीची दिवाबत्ती करायचा. त्याच्या घराण्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या होतं. बाबली गेला तेव्हा तो वात वळत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“गाऱ्हाणा खंय घातलंस?”

“जुन्या वळणार.”

सगुणचे हात थांबले. “थंय आता कोण आसा रे? तेका उठवन आमी हयसर हाडलो. तुका म्हायत नाय?”

“म्हायत आसा. म्हटलंय, पोरां थंय चलतत, थंयच सांगूया. जागा रिकामी तर रिकामी, तेतूर काय वायट?”

“घर रिकामा करून दार उघडा टाकलंस,” सगुण म्हणाला, “तर ता रिकामाच रवता काय?”

बाबली घुमटीतल्या धोंड्याकडे बघत राहिला. शेंदूर ताजा होता. हा इथं बसला होता, आणि आपण तिकडे.

“आता काय करू?”

“माका इचारू नको. माका हयसरची दिवाबत्ती तेवडी म्हायत. तू तोंडान बोललंस, तूच तोंडान परत घे.”

शुक्रवारी भर दुपारी बाबली मैदानावर गेला. माणूस नव्हतं, ऊन नुसतं उभं होतं. खळग्यात दोन भकलं तशीच होती, इतक्या दिवसांनी, पांढरी शुभ्र. त्यानं हात जोडले. काय म्हणायचं ते त्यानं वाटेत शंभरदा घोकलं होतं: पोरांना सोड. सगळ्या पोरांना सोड.

तोंड उघडलं आणि शब्द अडला. आयुष्यात त्यानं मोठं मागणं कधी केलं नव्हतं. साहेबाकडे रजा मागताना दोन दिवस हवे असले तर एकच मागायचा. शाळेत पोरीची जागा मागायला गेला तेव्हा खुर्चीवरसुद्धा बसला नव्हता. मागणं जितकं लहान तितकं ते मिळतं, हे त्याला अनुभवानं पक्कं ठाऊक होतं. आणि ती बाकीची पोरं. त्यांचे आईबाप मोठाल्या गाड्यांतून येतात, त्यांच्या ओळखी आहेत, वकील आहेत, डॉक्टर आहेत. त्यांचं ते बघतील. सगळ्यांना सोड म्हटलं आणि एवढं मोठं मागणं फुकट गेलं तर?

“माझ्या चेडवाक सोड,” बाबली म्हणाला. “तेवडा एक मागतंय. दुसरा काय नको.”

वारा नव्हता. काही हललं नाही. तो थोडा वेळ थांबला, मग वळला, आणि चार पावलं जाऊन न राहवून मागे बघितलं.

एका भकलाला मुंग्या लागल्या होत्या. एकाच.

७

शनिवारी सकाळी गौरवी पळत आली. पळत, एकटी, केस विस्कटलेले. पावाच्या टोपलीतून विचारल्याशिवाय उंडा उचलला आणि उभ्यानं खाऊ लागली. बाबली बघत राहिला.

“काय बघतास? भूक लागली माका. आईक सांगा, आज सुंगटा कर म्हणान. मी रविवारपर्यंत घरीच.”

“हात?” त्यानं हळूच विचारलं.

तिनं बोटं उघडून-मिटून दाखवली. “गेला. काल दुपारी जेवताना एकदम गेला. हलका वाटता, बाबा.” ती हसली. मग थोडी गंभीर झाली. “आज कोण माझ्या मागसून येऊक नाय. सायलीन माझ्याकडे बघूक पण नाय.”

“बरा झाला. बस गाडीत.”

ती बसली. त्यानं आज गाडीभोवती फेरी घातली नाही. चावी फिरवली, गाडी फाटकापर्यंत आणली, आणि तिथं त्याला ब्रेक लावावा लागला.

वसतिगृहाच्या बाजूनं नववी येत होती. एका रांगेत, सायली पुढे, रुद्रेश शेवटी. अंगावर शाळेचे कपडे, पायांत काही नाही. पट्ट्या नव्हत्या, तरी सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. दोर नव्हता, तरी प्रत्येकाची उजवी मूठ कमरेशी मिटलेली होती, आणि त्या सगळ्या मुठी एका रेषेत होत्या. चेहऱ्यांवर भीती नव्हती. असती तर बरं झालं असतं.

रांग बसच्या दिव्यांपुढून गेली आणि खाणीच्या रस्त्याला लागली. तुषार सर बाजूनं चालत मोबाईलवर चित्रण करत होते.

“सांगितलं नाही काही, काका,” ते जनेलाशी येऊन कुजबुजले. त्यांचे डोळे भरून आले होते. “स्वतःहून. सकाळी उठून स्वतःहून निघाली. बघा तुम्ही.”

“सर, तेंका थांबवा.”

“श्‌श्‌. मोडू नका.”

बाबलीनं हॉर्न दाबला. लांब, त्या दिवसासारखा. एकाही पोराची पापणी हलली नाही. सरांनी कपाळाला आठ्या घालून हातानं नको नको केलं.

“बाबा,” गौरवी म्हणाली, “माका तुमी काढलात?”

त्यानं हॉर्नवरचा हात काढला.

“आणि ह्यांका?”

आरशात तिचे डोळे त्याच्यावर होते. बाबलीनं स्टिअरिंगकडे बघितलं. गाडी डावीकडे वळवली की मोठा रस्ता, घर, प्रभावती, चुलीवर सुंगटांची आमटी. मागितलेलं मिळालं होतं. हातात होतं. गाडी फक्त डावीकडे वळवायची.

दार आपटल्याचा आवाज झाला. गौरवी खाली उतरली होती. ती रस्त्यावरून पळत गेली, रुद्रेशला गाठलं, त्याचा मोकळा डावा हात दोन्ही हातांनी धरला आणि टाचा रोवून मागे ओढू लागली. “रुद्रेश, थांब. ए ढबू, थांब मरे.” तो थांबला नाही. तिच्या चपला मातीत फरफटत गेल्या, एक सुटून मागे राहिली. तिनं हात सोडला नाही.

बाबली गाडीतून कसा उतरला आणि म्हाताऱ्या पायांनी तेवढं अंतर कसा गेला ते त्याला सांगता आलं नसतं. त्यानं पोरीचं मनगट पकडलं आणि सगळा जीव मागे टाकला.

रांग थांबली.

क्षणभर त्याला वाटलं, जमलं. छाती भात्यासारखी हलत होती. ओढ फार जोराची नव्हतीच, चार माणसं लागली असती तर सहज परतवता आली असती. त्यानं मान उंच करून पोरांच्या डोक्यांवरून पुढे बघितलं. इतक्या पायांनी जुन्या रस्त्याची लाल धूळ उठवली होती आणि आता रांग थांबल्यावर ती सावकाश खाली बसत होती. सायलीच्या पुढे, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, ती धूळ हवेतच कशावर तरी बसली होती. एक खांदा. त्याच्यापासून मागे आलेला एक हात, कोपरात किंचित वाकलेला. खांद्याच्या वर, डोकं असायला हवं तिथं, मात्र धूळ सरळ खाली येत होती, कशालाही न लागता.

तो पुढचा हात जरासा मागे आला. रांगेतून, एका मुठीतून दुसऱ्या मुठीत, थोडी ढील सुटत सुटत रुद्रेशपर्यंत आली, मग गौरवीपर्यंत, आणि मग बाबलीच्या बोटांत. पुढे जो कोण होता तो दमला म्हणून थांबला नव्हता. शेवटच्या माणसाची पकड नीट बसावी म्हणून थांबला होता.

“बाबा, तुमी सोडा,” गौरवी म्हणाली. ती रडत होती. “मी ह्यांका परत हाडतंय. तुमी सोडा.”

“सोडूचंय नाय,” बाबली म्हणाला.

पुढून दोन हलके हिसके आले. बैलाला चल म्हणताना देतात तसे. बाबलीचा उजवा पाय उचलला गेला आणि पुढे पडला. तो त्यानं उचलला नव्हता.

“वा, काका,” मागून तुषार सरांचा आवाज आला, दबका, कौतुकानं भिजलेला. “तुम्हीपण. फक्त जरा रांगेत या, म्हणजे सगळे एका चौकटीत येतील.”